पेला विसळलेले पाणी

डॉक्टरबाईंनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागावर बोट ठेवले. जिथे काळे दिसायला हवे, तिथे रुईच्या पुंजक्यासारखा पांढरा डाग होता.

"हा क्षय आहे," त्या म्हणाल्या. "थुंकीतही जंतू सापडले. आज घरी जायचं नाही."

मी जालन्याच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होतो. कापूस, सरकी, गाठी, सगळे माझ्या हाताखालून तोलून जाई. जिनमध्ये सगळेच खोकतात. रुईची धूळ घशात बसते आणि गूळ खाल्ला की सुटते, असा आमचा समज. खोकला लागला तेव्हा मीही गूळ खात राहिलो. रोज संध्याकाळी अंग कोमट होऊ लागले. सदरा सैल झाला. एकदा गंमत म्हणून काट्यावर चढलो, तर अकरा शेर उतरलो होतो. तरी दवाखान्यात गेलो नाही. रुमालावर रक्त दिसले तेव्हा गेलो. हे वाचणाऱ्या कोणाला असा खोकला, संध्याकाळचा ताप आणि उतरते वजन असेल, तर त्याने गुळाच्या भरवशावर बसू नये, एवढे आधीच सांगून ठेवतो.

हैदराबाद संस्थानातल्या पोलिस अ‍ॅक्शनला तेव्हा चार-पाच वर्षे झाली होती. क्षयावर नवी औषधे निघाली होती आणि ती आमच्या मिशनच्या दवाखान्यापर्यंत पोचली होती. एक स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे कमरेत घ्यायचे इंजेक्शन. दुसरे पी.ए.एस., म्हणजे पाण्यात कालवून प्यायची पावडर. तिच्या चवीने पोटातले वर येई. इंजेक्शनाने कानात घंटी वाजत राही. ती अजून थोडी वाजते. तिसरे औषध अंथरूण. उठायचे नाही, मोठ्याने बोलायचे नाही, थुंकायचे ते झाकणाच्या डब्यात.

दवाखान्याच्या पडवीतल्या खाटेवर पडलो तेव्हा पहिला विचार मरणाचा आला नाही. पेल्याचा आला.

मी आमच्या मंडळीचा वडील होतो. मंडळी म्हणजे चर्चची सभासद माणसे, आणि वडील म्हणजे पाळकाला, आमच्या धर्मगुरूला, मदत करायला त्यांनी नेमलेला माणूस. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि रस घेण्याचा विधी. आमच्याकडे त्याला एकच पेला असतो. मनुका भिजवून केलेला रस प्रभूच्या रक्ताची खूण म्हणून त्यात भरतात. पेला पुरुषांच्या बाकांवरून हातोहात मागे जातो, मग स्त्रियांच्या शेवटच्या बाकावरून पुढे येतो. साठ-सत्तर माणसे एकाच काठाला ओठ लावतात. उरलेला रस फेकायचा नसतो. तो मी शेवटी पिऊन टाकत असे.

याच गोष्टीचा मला आधार वाटला. मी सगळ्यांच्या शेवटी प्यालो, माझ्यामागे कोणी नाही, म्हणजे माझा रोग पेल्यातून कोणाकडे गेलेला नाही. हिशेब बरोबर होता. मार्था, म्हणजे माझी बायको, भेटायला आली तेव्हा मी तिला तो समाधानाने सांगितला.

ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुमच्या मागं मी पिते," ती म्हणाली.

मला कळेना. पेला धुण्याचे काम तिचे होते, एवढे मला माहीत होते.

"विसळलेलं पाणी. थेंब ऱ्हातेत ना त्याच्यात. प्रभूचं रक्त मोरीत कसं वतू? मी लग्न होऊन आल्ते तवा सासूबाईनं शिकवलं. मोरीकडं जाऊ द्यायचं न्हाई, आपण पिऊन घ्यायचं."

पाळकसाहेबांनी हे कधी शिकवले नव्हते. आईने शिकवले होते, आणि माझ्याच घरात मला ते ठाऊक नव्हते. बोलता बोलता मार्था खोकली. मी विचारले, कधीपासून? म्हणाली, थोडे दिवस झाले, गूळ खाऊन राह्यले.

दुपारी डॉक्टरबाई फेरीला आल्या. मी त्यांना सगळे सांगितले. मला वाटले, त्या घाबरतील. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पेल्याचं राहू द्या. हा रोग मुख्यतः खोकल्यातून जातो, एका खोलीतल्या हवेतून. तुम्ही दोघं एका खोलीत झोपता की नाही?"

"झोपतो."

"मग पेल्याला कशाला बोल लावता? उद्या त्यांना माझ्याकडे पाठवा."

माझा सगळा हिशेबच चुकला होता. चूक एका पेल्याची नव्हती, घरातल्या प्रत्येक श्वासाची होती.

मार्थाची थुंकी तीन सकाळी तपासायची होती आणि छातीचा एक्स-रे काढायचा होता. थुंकीत जंतू सापडले नाहीत. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, तेवढ्यावर निभावत नाही, सुरुवातीला जंतू दिसत नाहीत, फिल्म पाहिलीच पाहिजे. आणि फिल्म संपल्या होत्या. नव्या रेल्वेने येणार होत्या. कधी, ते कोणी सांगू शकत नव्हते.

ते थांबणे मला स्वतःच्या रोगापेक्षा जड गेले. मार्था रोज डबा घेऊन येई, पडवीच्या कठड्याबाहेर उभी राही आणि खोकला दाबून धरी. ती गेली की मी प्रार्थना करी. प्रार्थना कसली, मी प्रभूपुढे वजनमाप मांडत होतो. एवढी वर्षे उपासना चुकवली नाही. जिनमध्ये माप मारायला काट्याला कधी बोट लावले नाही. त्याच्या बदल्यात तिला सोड, हवे तर मला ने. एक दिवस हे मी मार्थाला सांगितले. तिला बरे वाटेल, असा माझा समज.

"तुम्ही देवालाबी काट्यावर चढवून राह्यले," ती म्हणाली.

शेजारच्या खाटेवर करीमभाई होते. जाफराबादचे शिंपी, माझ्याच वयाचे. ते हसले आणि हसता हसता खोकू लागले. श्वास सावरल्यावर म्हणाले, "भाभी बराबर बोलली. काटेवाले, वो ऊपरवाला तुमचा गिऱ्हाईक न्हाई."

करीमभाई खाटेवर बसूनच नमाज पढत. एकदाही चुकवली नाही. दवाही पूर्ण घेत, पावडर प्यायल्यावर तोंड वाकडे करून मलाच दाखवीत. त्यांची दोन्ही फुप्फुसे गेली होती, दवाखान्यात यायला उशीर झाला होता. एका दुपारी त्यांना रक्ताची मोठी उलटी झाली आणि डॉक्टरबाई पोचेपर्यंत ते गेले. संध्याकाळी त्यांचा भाऊ आला. खाटेखालची नमाजाची चटई गुंडाळून काखेत धरून तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

त्या दिवशी मला प्रार्थना जमेना. मांडायला काही उरले नव्हते. करीमभाईंच्या पारड्यात काय कमी होते? त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा हलका नव्हता. मी फक्त एवढेच म्हणालो, प्रभू, मला कळत नाही, तुला कळते. तिला तुझ्या हाती देतो. घे किंवा ठेव, पण हात सोडू नको. म्हणून झाल्यावर भीती गेली, असे मी सांगणार नाही. भीती होतीच. पण भीतीत मी एकटा नव्हतो. माझ्यासारखे जे कोणी आज अशा खाटेवर किंवा अशा खाटेजवळ असतील, त्यांना माझ्याकडून देण्यासारखे एवढेच आहे. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे निकाल आपल्या बाजूने लागेल याची खात्री नव्हे.

फिल्म आल्या. मार्था आत गेली, मी पडवीतून दाराकडे पाहत राहिलो. डॉक्टरबाई स्वतः फिल्म घेऊन माझ्या खाटेपाशी आल्या आणि उजेडात धरली. दोन्ही फुप्फुसे काळी, स्वच्छ.

"यांना ब्राँकायटिस आहे," त्या म्हणाल्या. "श्वासनळीची सूज. औषधानं जाईल."

मार्था पदराने डोळे पुसत होती. मी आनंदलो आणि लगेच शेजारच्या रिकाम्या खाटेकडे नजर गेली. उपकारस्तुती केली, पण ती माझी बाजू जड झाली म्हणून नाही. डाग दिसला असता तर तेच शब्द तोंडून निघाले असते का? मला खरोखर माहीत नाही.

वर्षभराने घरी आलो. गेलेले वजन भरून निघाले होते आणि थुंकी निगेटिव्ह होती, म्हणजे तिच्यात जंतू सापडत नव्हते. वडिलाचे काम मी सोडून दिले. पुढच्या प्रभुभोजनाला पुरुषांच्या शेवटच्या बाकावर बसलो. पेला आला तेव्हा कपाळाला लावला आणि न पिता पलीकडे स्त्रियांच्या बाजूला दिला. ज्याला खोकला आहे त्याने पेला असाच पुढे द्यावा, त्यात अविश्वास नाही, असे मला आजही वाटते. पण मला आता खोकला नव्हता. मला रोगाची लाज होती.

पलीकडच्या शेवटच्या बाकावर डॉक्टरबाई होत्या. दवाखान्यातून यायला त्यांना नेहमी उशीर होई. त्यांनी पेला हातात धरला, ओठाला लावला नाही. तो माझ्याकडे परत केला.

"आधी तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या. "थुंकी मी तपासली आहे."

मी प्यालो. मग त्यांनी पेला घेतला आणि काठ न फिरवता त्याच जागी ओठ लावून प्याल्या. पेला पुढच्या बाकावर गेला.

उपासना संपल्यावर मी मागच्या दारी गेलो. मार्था पेला धूत होती. हे पाणी यापुढे लिंबाच्या मुळाशी ओत, असे तिला सांगायचे मी दवाखान्यात ठरवले होते. तिने पेल्यात पाणी घातले, गोल फिरवले आणि माझ्याकडे पाहिले.

मी लिंबाचे नाव काढले नाही. ती ते पाणी प्याली. मी पेला पुसायला तिच्या हातात फडके दिले.