वारा सांगणारी कुसुम

गेली कित्येक वर्षं मुरबाड तालुक्यातली कुठलीही बातमी मला कुसुमकडूनच कळायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस व्याली, कोण गेलं... शहापुरात राहून मला त्या डोंगराखालच्या गावातल्या प्रत्येक घराची खबर असायची, ती तिच्या फोनमुळे. त्यामुळे मार्च महिन्यातल्या त्या सकाळी तिच्या नंबरवरून फोन आला तेव्हा चहाचा कप हातात घेऊन मी सवयीनं ओट्यावर येऊन बसले. पलीकडून तिची मुलगी अर्चना बोलत होती. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली, आणि मग बराच वेळ फक्त दवाखान्यातल्या माणसांचे, स्ट्रेचरच्या चाकांचे आवाज ऐकू येत राहिले. आदल्याच दिवशी मी तिला तिथं बघून आले होते. तरीही मला ते वाक्य कळायला वेळ लागला.

आम्ही दोघी किन्हवलीच्या हायस्कूलमधल्या. तिचं घर आमच्या गावाच्या पुढच्या वस्तीत, त्यामुळे शाळेची वाट एकत्र. ती बौद्धवाड्यातली, मी कुणब्याची. सुरुवातीला माझी आई तिला ओट्यावरच पाणी द्यायची, आणि ती ते मुकाट्यानं पिऊन मला वाटभर त्यावरून चिडवायची. पुढे आईच तिला आत बोलवायला लागली, कारण कुसुमच्या तोंडून गावभरची हकीकत ऐकल्याशिवाय आईला करमायचं नाही. बोलायची फार छान. ऐकलेलं जसंच्या तसं सांगायची, पदरचं काही घालायची नाही. "मी बघितलं ते सांगते, ऐकलं ते ऐकलं म्हणून सांगते," असं तेव्हाही म्हणायची. दहावीनंतर मी डीएडला गेले, तिचं लग्न म्हसा गावाच्या पलीकडे डोंगराखालच्या गावात झालं. दिनकर भाऊजी मुरबाडच्या कारखान्यात कामाला, घरची थोडी भातशेती. भाऊजी अबोल, ती बडबडी. "आमच्या घरात एकाच्या वाटचं दुसरं बोलतं," असं ती हसून सांगायची.

अर्चना लहान असतानाची गोष्ट. म्हशाच्या जत्रेचे दिवस होते. सगळं गाव जत्रेला गेलं होतं आणि कुसुम मात्र पोरीला ताप म्हणून घरी राहिली होती. दुपारी डोंगरावरून वणवा उतरला. आमच्याकडे हिवाळा सरता सरता डोंगरावरचं गवत इतकं वाळतं की विडीचं थोटूकसुद्धा पुरतं. वरच्या आळीतल्या हिराआजीचा गोठा डोंगराला चिकटून होता, आत दोन गाई दाव्याला बांधलेल्या. आजी जत्रेत. कुसुम ओरडत धावली. आळीतून ओरडली, रस्त्यावर येऊन ओरडली. घरांना कड्या होत्या. तिनं एक गाय सोडवली. दुसरीपर्यंत पोहोचता आलं नाही... तिचं हंबरणं किती वेळ चाललं होतं ते ती मला कधीच सांगू शकली नाही. इतकंच म्हणाली होती, "ओरडून ओरडून घसा फुटला गो मंगल, पन ऐकाया कोन व्हतं?"

त्यानंतर तिनं विहारातल्या भोंग्याची चावी मागितली. वर्षातून एकदा जयंतीला आणि कधीमधी लग्नाला वाजणारा तो भोंगा. "रोज सांजच्याला पाच मिनटं बोलेन," म्हणाली. बौद्धवाड्यातली जुनी माणसं आधी हसली, मग कबूल झाली. वरच्या आळीतून मात्र कुरकुर झाली, बाईमाणसानं भोंग्यावरून काय बोलायचं, आणि तेही त्यांच्या वाड्यातून. ती बोलायला लागली. लोक तिला 'रेडिओबाय' म्हणू लागले, आधी चेष्टेनं, मग प्रेमानं. एका पावसाळ्यात ती तापानं पडली आणि भोंगा वाजला नाही तेव्हा वरच्या आळीतल्या बायकाच तिच्या दारात आल्या, "गो कुसुम, आज आमाला काय कललाच नाय!" हे सांगताना तिचे डोळे भरून यायचे.

एकदा मी तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा ते ऐकलं. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेले, आणि विहाराच्या छपरावरून तिचा आवाज आला, घरात बोलायची तसाच, जराही वर न चढवलेला. "ऐका हो. आज दुपारधरनं वारा लय हाय, उद्याबी ऱ्हाईल. ज्याला राब भाजायचाय त्यानी सकालच्यापारी भाजा, दुपारी पेटवू नका. डीपी उडालीय, लाइट उद्या येल. म्हशाची गाडी सकालची नाय. बारकूबाबांना दवाखान्यातून घरी आनलाय, भेटाया एकदम गर्दी करू नका, त्यांना धाप लागते. डोंगरावरच्या वाडीतली मानसं वीटभट्टीवर गेलीत, मागं म्हातारी नि पोरं हायेत, तिकडं ध्यान ठेवा." बस. मग खट् करून आवाज बंद. हिराआजी शेजारच्या ओट्यावर कान टवकारून बसली होती, ती उठली, गुरांना वैरण टाकायला गेली.

राब म्हणजे काय ते ठाण्याच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. भाताचं रोप पेरायचं त्या तुकड्यावर आमच्याकडे उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, पाला, शेण पसरून पेटवतात. तण जळतं, माती भुसभुशीत होते, रोप जोमानं येतं. बापजाद्यांपासून चालत आलंय. पण दुपारी खाडीकडून जो पश्चिमेचा वारा सुटतो तो त्या राखेतली ठिणगी उचलून बांधावर टाकतो, आणि बांधावरून आग डोंगराला लागते. दरवर्षी लागते. कुसुम दरवर्षी सांगायची, आणि काही वर्षं खरोखरच डोंगर कमी जळला. पण मग हळूहळू सगळं ढिलं होत गेलं. पोरांच्या हातात मोबाइल आले, गावाचा ग्रुप निघाला, त्यावर वाढदिवसाचे केक आणि जागा विकण्याच्या जाहिराती. डोंगराच्या उतारावर मुंबईच्या लोकांचे बंगले उठले, त्यांना शनिवार-रविवारी भोंग्याचा त्रास होऊ लागला, म्हणून तिला आवाज कमी ठेवायला सांगण्यात आलं. गेल्या दिवाळीनंतर ती माझ्याकडे शहापूरला आली होती. थकलेली वाटली. म्हणाली, "ऐकतात गो समदी. पन ऐकल्यावानी कोन करीत नाय." मी म्हटलं, सोड आता, वय झालं. तिनं मान हलवली आणि एसटी चुकेल म्हणून घाईनं निघाली.

या मार्चमध्ये त्या दिवशी काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. आदल्या सांजेला तिनं नेहमीसारखं सांगितलं होतं, वारा वाढणार आहे, दुपारी कुणी पेटवू नका. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर लोक अंगणात पहुडलेले असताना वरच्या बाजूनं धूर दिसला. आग बांधावरून चढून डोंगरावरच्या वाडीच्या दिशेनं जात होती, जिथं गवतानं शाकारलेल्या झोपड्या आहेत आणि कामाची माणसं भट्टीवर. कुसुमनं भोंगा लावला. "डोंगर पेटलाय, ओल्या फांद्या घेऊन चला, वाडीत म्हातारी मानसं हायेत," असं ती सांगत राहिली. गावात त्या दिवशी हळद होती. डीजे वाजत होता. काहींनी ऐकलं, वनखात्याची माणसं येतील म्हणाले. तीन-चार बायका तिच्याबरोबर निघाल्या, चढ चढता चढता त्यातली एक गळाठली, दोघी तिला धरून बसल्या. कुसुम पुढे गेली.

तिनं दोन म्हाताऱ्यांना झोपड्यांतून काढून खालच्या नळ्यात, म्हणजे ओढ्याच्या कोरड्या वाळूत नेऊन बसवलं. मग ती परत वर गेली, कारण शेवटच्या झोपडीत सोमाबाबा असतो, त्याला दिसत नाही. म्हाताऱ्या तिला सांगत होत्या की नको जाऊ, पण तो सकाळीच पोरीकडे टोकावड्याला गेलाय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. झोपडी रिकामी होती. कुसुम आत जाऊन त्याला हाका मारत, चाचपडत असताना छप्पर खाली आलं. सगळ्या गावाला कोण घरी आहे आणि कोण नाही हे सांगणाऱ्या माझ्या मैत्रिणीला त्या घरात कुणी नाही हे सांगायला कुणी नव्हतं. हे वाक्य मी या महिन्याभरात कितीदा मनात म्हटलंय, आणि दर वेळी ते तसंच्या तसं माझ्या अंगावर येतं.

तिला झोळी करून खाली आणलं. रुग्णवाहिका रस्ता चुकली, मग मुरबाड, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. मी गेले तेव्हा ती शुद्धीवर होती. चेहरा बराचसा वाचला होता, हात आणि पाठ मात्र... ते लिहीत नाही. धुरानं तिचा आवाज गेला होता. ज्या आवाजासाठी दोन आळ्या कान देऊन बसायच्या त्याच्या जागी नुसती घरघर. मी कान तिच्या तोंडाशी नेला. "वारा पडला?" तिनं विचारलं. पडला, मी म्हटलं. "वाडी?" निम्मी वाचली, मी म्हटलं. मग थांबून थांबून तिनं विचारलं, "कोनाचा राब व्हता?"

मला माहीत नव्हतं. दिनकर भाऊजी तिच्या पायाशी उभे होते. त्यांनी पलंगाची कड धरली आणि म्हणाले, "माझा."

त्यांना सुट्टी त्या एका दिवसाचीच होती. सकाळी ते वीजबिलाच्या भानगडीत मुरबाडला अडकले, परत येईतो ऊन चढलं, आता नाही भाजला तर पुढच्या आठवड्याच्या सुट्टीपर्यंत थांबायचं, आणि तुकडा तर एवढासा... भोंग्यावर रोज ऐकायची सवय झालेल्या माणसाला तो आवाज पंख्याच्या आवाजासारखा होऊन जातो. हे सगळं ते मला नंतर म्हणाले. तिच्यासमोर एकच शब्द बोलले. कुसुमनं त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत राग होता की माया, की नुसतं दुखणं, ते इतक्या जवळ असूनही मला सांगता येणार नाही. मग तिनं डोळे मिटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्चनाचा फोन आला.

भाऊजींनी ही गोष्ट लपवली नाही. पंचनाम्याला आलेल्या माणसांना सांगितलं, सरपंचांना सांगितलं, विहारात पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. कुणी ऐकून घेतलं नाही. "गप ऱ्हा दिनकर, समदीच भाजतात," असं म्हणून माणसांनी त्यांना खाली बसवलं. कागदावर डोंगराला आग लागली एवढंच आलं. गावाला त्यांची दया येते असं नाही. ते गुन्हेगार ठरले तर मग बांधाबांधावर तशीच काळी राख आहे. त्या दिवशी निघताना त्यांनी मला फाट्यापर्यंत सोडलं. एसटीची वाट बघत उभे असताना अचानक म्हणाले, "तुमी तिच्या लहानपनीच्या. ती काय बोलली असती, सांगा ना. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं." मी आयुष्यभर मुलांना उत्तरं शिकवली. गाडी आली, मी चढले, ते तिथंच उभे राहिले.

गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आले. अर्चना तिच्या सासरी कल्याणला परतली आहे. भाऊजी कामावर जातात, येतात, दार लोटून बसतात. यंदा त्यांनी बी काढलेलं नाही. मी हिराआजीच्या सुनेबरोबर ओट्यावर बसले होते. दिवस कलला, दिवेलागणीला थोडा अवकाश होता, आणि माझ्या लक्षात आलं की आळी गप्प झालीय. कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला. हातपंपावरच्या बाईनं दांडा धरून ठेवला, पाणी थांबलं. समोरच्या अंगणात चाललेलं भांडण मधेच तुटलं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. ही तिची वेळ होती. सगळी माणसं कान देऊन बसली होती, आणि विहाराच्या छपरावरून काहीच येत नव्हतं. जरा वेळानं पंप पुन्हा वाजू लागला.

पलीकडच्या डोंगरावर, खिंडीच्या जरा खाली, धुराची एक बारीक रेघ उभी होती. मी हिराआजीच्या सुनेला म्हटलं, "अगं, तिकडं धूर दिसतोय."

तिनं मान वर करून पाहिलं.

"दुपारधरनं दिसतंय," ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.