न चावलेली मण्यार

सापाच्या विषावरच्या औषधाची दहावी व्हायल सलाइनमधून गेली तरी रघूची पापणी उचलत नव्हती. दुपारचे बारा वाजले होते. दुसरा डोस काढून ठेवा, असं मी सिस्टरना सांगितलं.

डहाणू रोडला फिजिशियन म्हणून मला बावीस वर्षं झाली. पापण्या लोंबलेल्या, बुबुळं हलत नाहीत, जीभ जड, आणि माणूस रात्री जमिनीवर झोपलेला, एवढं ऐकलं की आमचा वॉर्डबॉयसुद्धा 'मण्यार' म्हणतो. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूणही दिसतेच असं नाही. रघू रानशेतचा, चिकूच्या वाडीत फळं काढणारा. सकाळी त्याची बायको सुमन त्याला रिक्षातून घेऊन आली. "उठला तं डोळंच उघडंना," म्हणाली. साप दिसला का, मी विचारलं. दोघंही नाही म्हणाले. मी ते औषध सुरू केलं आणि वर मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "वेळेत आणलंत हो."

एक गोष्ट खटकत होती. मण्यारीचा पेशंट डोळे उघडू शकला नाही तरी सहसा भानावर असतो. रघू हाक मारली की जागा व्हायचा आणि लगेच पेंगायचा. झोप झाली नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तेवढ्यात सुमन फोन घेऊन आली. "मॅडम, वाडीचा मुकादम बोलतो, साप कसला? परवापासनं हा फळं काढायची जाळी चिकूच्या बाजूनंच नेत होता. झोकांड्या खायचा. ताडी पिऊन आला म्हणून काल हाकलला त्याला."

"पितो का?"

"हात नाय लावत, मॅडम."

परवापासून! म्हणजे दोन दिवस रघूला एकाचे दोन चिकू दिसत होते. मुकादमाला ताडी दिसली, मला साप.

मी पहिल्यापासून तपासायला घेतलं. नाकाला बोट लाव म्हटलं, तर बोट गालावर गेलं. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला नाही. तळव्यावर किल्ली ओढली, तर अंगठा वर गेला. बिघाड मेंदूत असल्याची ती खूण. मी मुंबईच्या न्यूरोलॉजिस्ट मित्राला फोन लावला.

"मागे जुलाब झाले होते?"

पंधरा दिवसांपूर्वी, सुमन म्हणाली.

"एका श्वासात किती आकडे मोजतो?"

सकाळी वीस मोजले होते. आता नऊवर अडकला, म्हणजे श्वासाचं बळ निम्म्यावर आलं होतं.

"मग वाट कसली बघतेस? श्वासाची ट्यूब घाल आणि मोठ्या हॉस्पिटलला पाठव."

त्याचा अंदाज होता ब्रेनस्टेम एन्सेफलायटिसचा. ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा देठ, एन्सेफलायटिस म्हणजे मेंदूची सूज. डोळे, गिळणं, शुद्ध, श्वास, सगळ्याचा कारभार तिथून चालतो. जुलाबाच्या जंतूंशी लढायला शरीरानं बनवलेल्या अँटिबॉडीज चुकून त्या देठावर आणि नसांवरच तुटून पडतात. मी हे पुस्तकात वाचलं होतं, पेशंट एकही पाहिला नव्हता.

ट्यूब घातली. अँब्युलन्सनं वापीकडे निघालो, मी सोबत. तलासरीच्या पुढे रघूचा स्वतःचा श्वास पूर्ण थांबला. मी ट्यूबला जोडलेली हवेची बॅग दाबत राहिले. मुकादमाचा फोन आला नसता तर या वेळी मी वॉर्डात दुसऱ्या डोसचा परिणाम बघत बसले असते.

वापीला त्या अँटिबॉडीजना आवरणारं इम्युनोग्लोब्युलिन दिलं. तीन आठवडे व्हेंटिलेटर लागला. अँटिबॉडीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. दोन महिन्यांनी रघू ओपीडीत चालत आला, किंचित डुलत.

मी जरा चिडूनच विचारलं, "दोन दोन दिसत होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"मॅडम, तुम्ही विचारलं साप दिसला का. मी बोललो, नाय. मग तुम्ही सुईच लावली."

तो गेल्यावर मी त्याचा जुना केसपेपर काढला. 'त्रास कधीपासून' हा रकाना सगळ्यात वर छापलेला असतो. त्यात लिहिलं होतं, 'आज पहाटेपासून'. अक्षर माझंच होतं.