न वाचलेल्या बातमीची तारीख

ये वं पोरी, जवळ बस. तू पुण्यात आहेस हे मले ठाऊक आहे, पण हे वाचशीन तेवढा वेळ तरी माझ्या बाजूले बसल्यावानी बस, कारण तुलेच बोलायचं आहे. विहारातल्या वाचनालयात तू जुना कॉम्प्युटर आणून दिला, त्यात लिनक्स टाकलं, इंटरनेटवरच्या बातम्या गोळा करणारे दोन फीड रीडर ठेवले अन् म्हणालीस, "मावशी, दोन्ही वापरून पाह्य, जमन तो ठेव." असं म्हाताऱ्या बाईले सोडून जाते काय कोणी?

कॉम्प्युटर यायच्या अगोदर आमचा पेपर राळेगावहून दुपारच्या एसटीनं यायचा. कापसाच्या वेचणीवरून आलेल्या बायायले मी तो सांजच्याले वाचून दाखवायची. वाचून झाला की कोपरा दुमडून ठेवायचा, हा आमचा कायदा. कोपरा सरळ, म्हणजे पेपर आजचा. दुमडलेला असला तर कोणी हात लावत नसे.

तुझ्या पहिल्या रीडरमध्ये एका अंगाले वर्तमानपत्रांची नावं, दुसऱ्या अंगाले मथळे, अन् मथळ्यापुढं तारीख-वेळ. बारीक बारीक अक्षरं. दुसऱ्यात सगळ्या पेपरांच्या बातम्या एकाखाली एक, दोरीवर लुगडी टाकल्यावानी. न वाचलेली बातमी ठळक, वाचली की फिकी. मले वाटलं, हा तर आपलाच कायदा. ठळक म्हणजे कोपरा सरळ. मग दुसराच ठेवला. त्यात बी तारखेचा रकाना होता, पण तो मथळ्याची जागा खाऊन राह्यला होता. मी तो माझ्या हातानं काढून टाकला. कोणाले विचारलं नाही.

त्या सालांत कापसाचं काही खरं नव्हतं. सरकारी खरेदी केंद्र आज उघडते, उद्या बंद पडते, कोणाले पत्ता नसे. बाया दुसरं काही ऐकाले तयार नसत. "सिनेमाचं राहू दे बाई, केंद्राचं वाच." माझ्या जावेच्या घरात कापूस आढ्याले लागला होता. पोरं त्याच्यावरच झोपत.

अशात एका दिवशी मी तालुक्याच्या एका लहानशा साप्ताहिकाचा इंटरनेटवरचा पत्ता रीडरमध्ये नवीन टाकला. टाकल्याबरोबर ठळक बातम्यांची रांगच लागली. त्यात एक होती : कापूस खरेदी उद्यापासून सुरू. मी दोनदा वाचली, अन् सांजच्याले मोठ्यानं वाचून दाखवली.

"नक्की ना वं?" जाऊ म्हणाली.

"कॉम्प्युटरात हाय," म्या म्हटलं. "अन् ठळक अक्षरात आली, म्हणजे ताजी हाय."

सकाळी गावातून कापूस भरून सात बैलबंड्या केंद्राकडं गेल्या. दुपारी सातही परत आल्या, जशा गेल्या तशाच भरलेल्या. जाऊ कापसावर बसली होती, डोक्यावर खताचं रिकामं पोतं. वाटेत पावसाची भुरभुर आली होती. खाली उतरली अन् हळूच म्हणाली, "केंद्राले कुलूप हाय. चौकीदार विचारत होता, तुमच्या गावात मागच्या सालचा पेपर वाचतात काय?"

मी तशीच वाचनालयात गेली, तारखेचा रकाना परत लावला. बातमी मागच्या सालची. साप्ताहिकानं सारं जुनं तसंच ठेवलं होतं, अन् रीडरनं ते ठळक दाखवलं, कारण मी ते वाचलं नव्हतं. त्याचं काही चुकलं नव्हतं. किती वर्षं गावाले वाचून दाखवलं मी, अन् कोणी कधी दुसऱ्याले विचाराले गेलं नाही.

वरचा ओला कापूस आम्ही विहाराच्या फरशीवर पसरून सुकवला. जाऊ माझ्याच बाजूले बसून पसरत होती, पण तोंड दुसरीकडं करून. तो दुसरा रीडर मी काढून टाकला अन् तुझा पहिला, बारीक अक्षरांचा, ठेवला. चष्मा पुसून पुसून वाचाले लागली. सांजच्याले बाया येत, पण कोपऱ्यात बसून आपसात बोलत.

आठ-दहा दिवसांनी खरी बातमी आली. केंद्र उद्या उघडणार. मी अगोदर तारीख वाचली, मग बातमी. एक बाई जागची हलली नाही.

"साल कोणतं?" जाऊ म्हणाली.

मी साल सांगितलं. ती उठली. तिले अक्षरं येत नाहीत, पण एसटीच्या पाट्यांवरून आकडे पक्के येतात. तिनं पडद्यावरच्या आकड्यांवर एकेक बोट ठेवलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवलं, अन् परत पडद्यावर.

"जमते," म्हणाली. "बंडी जुंपाले सांगतो." अन् दारातून वळून, "ह्या बाईले यापुढं तारीख विचारल्याशिवाय पाणी बी पिऊ नका वं." बाया हसल्या. मले मात्र रडू आलं.

आता तारखेचा तो रकाना जरासा रुंद अन् आकडे मोठे करायचे आहेत, जावेले लांबून दिसले पाह्यजेत. मले जमून नाही राह्यलं. तू ये. लवकर ये वं पोरी, आता कापूस केंद्रावर विकला गेला आहे, जावेच्या घरात निजाले जागा बी झाली.