तीन मारुती आणि जॉइन अण्णा

दोन अनोळखी माणसं आपल्या देखत अनोळखीच राहून उठून गेली, तर जॉइन अण्णांना त्या दिवशी जेवण गोड लागत नसे. उद्यमबागेच्या बस थांब्यावर शेजारी कुणीही उभं राहो, त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. "गाव कुठलं? आजोळ कुठलं? बहीण कुठं दिलीया?" तिसऱ्या प्रश्नापर्यंत तो गृहस्थ चिकोडीच्या कुणाचा तरी साडू आणि निपाणीच्या कुणाचा तरी भाचा निघालेला असे. एकदा मला हेल्मेटवरून अडवणाऱ्या पोलिसाला त्यांनी भर रस्त्यात माझा मावसदीर करून टाकलं. त्यानं दंड तरीही घेतलाच. "नातं एकीकडं, हेल्मेट एकीकडं. माणूस सरळ हाय," असा शेरा मारून अण्णा खूश.

मी वडगावची, स्कूटीवरून कामाला जाणारी. अण्णा निपाणीकडच्या जैन शेतकरी घरातले, पिरनवाडीत खोली करून राहिलेले. लोखंडाचं ओतकाम करणाऱ्या आमच्या फाउंड्रीचा संगणक विभाग म्हणजे अण्णा, मी आणि एक एसी. एसी आमच्यासाठी नव्हे, सर्व्हरसाठी होता. अण्णा सर्व्हरला 'जावई' म्हणत. "आपण घामानं भिजलो तरी चालंल, जावई तापाय नको."

दिवस बुडायच्या आत जेवायचं, हा त्यांचा घरचा नेम. साडेपाच वाजले की डबा उघडणार. भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा-लसूण न घातलेली कसलीतरी भाजी, जिची चव मला अजून कुठं सापडलेली नाही. त्या वेळी मालकांनी फोन करून संगणकातली कसली माहिती मागितली तरी घास थांबत नसे. "क्वेरी थांबंल पोरी, सूर्य थांबत न्हाई."

कामगारांच्या हजेरीचा तक्ता वेगळा, कँटीनचा वेगळा, दवाखान्याचा वेगळा, बूट-हातमोज्यांचा आणखी वेगळा. हे सगळे जोडून एक करायचे, यालाच आमच्या धंद्यात जॉइन म्हणतात आणि यावरूनच अण्णांचं नाव पडलं. मला पहिल्या आठवड्यात त्यांनी ते डब्यासमोरच शिकवलं. "हजेरीतली माणसं पंगतीला बसली म्हण. एक वाढपी भात घेऊन आला, दुसरा आमटी. आता एकाला आमटी मिळाली न्हाई. काय करशील?"

"त्याची जागा रिकामी ठेवीन."

"व्हय! आमटी न्हाई म्हणून माणसाला उठवायचं न्हाई. पान राहू दे. बाकी पुस्तकात लई लिवलंय, ते सवडीनं वाच."

मग शेजारची फाउंड्री आमच्या मालकांनी घेतली आणि दोन्हीकडचे सगळे तक्ते एकत्र करायची वेळ आली. त्या एका नव्या तक्त्यात ज्याचं नाव, तोच नव्या कारखान्यात कायम. मालकांच्या भाच्यानं या कामाला बेंगळुरूची कंपनी आणली. तिचा इंजिनिअर मोठा गोड मुलगा. अण्णांनी पहिल्याच चहाला त्याचं आजोळ शोधलं. पण पंचाईत अशी, की कामगारांचे टोकन नंबर दोन्ही फाउंड्र्यांत एकापासून सुरू होत होते. म्हणून त्यानं तक्ते नाव आणि जन्मतारखेवर जोडले. दुपारी तो पडलेल्या चेहऱ्यानं आमच्याकडं आला आणि कन्नडमध्ये म्हणाला, "अण्णा, इथं अर्धी माणसं एक जूनलाच कशी जन्मली?"

"तवा शाळा सुरू व्हायच्या," अण्णा म्हणाले. "आमी जन्मतो घरात, पण आमची तारीख जन्मते मास्तरांच्या टेबलावर. मीबी एक जूनचाच!"

त्यात आमच्याकडं 'मारुती बी. पाटील, एक जून' असे तीन. वर्षही तेच. हजेरीतला प्रत्येक मारुती कँटीनमधल्या तिन्ही मारुतींना जुळला आणि मारुतीरायानं नऊ रूपं घेतली. मुलगा घाबरला. त्यानं सरळ एक मारुती ठेवला आणि बाकीचे डुप्लिकेट म्हणून उडवले. तक्ता झाला छान, आटोपशीर. दोन जिवंत माणसांची नोकरी मात्र गेली.

दुसऱ्या दिवशी भाचा तक्ता घेऊन आला. "अण्णा, तपासलं म्हणून सही करा. तुमच्या मुदतवाढीचा कागदबी तयार हाय." अण्णांची निवृत्ती तोंडावर होती आणि निपाणीच्या घरावर अजून छप्पर चढायचं होतं. ते कागद त्यांनी खाली-वर पाहिले, टेबलावर ठेवले आणि चपला घालून थेट कारखान्यात, कामगारांकडं गेले.

परत आले ते वरात घेऊन. मालकांच्या केबिनमध्ये त्यांनी तीन माणसं ओळीनं उभी केली. भट्टीवरचा, अंगावर ठिणग्यांचे डाग असलेला. मोल्डिंगचा, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या वाळूचा. तिसरा ग्राइंडरवरचा, ज्याला ऐकू कमी येई.

"सायेब, मारुती बाळाप्पा, मारुती भरमा, मारुती बसवंत. ह्यातले दोन डुप्लिकेट हाईत. कुठले उडवायचे, सांगा."

मालक तिघांकडं बघत राहिले. तिसरा मारुती मोठ्यानं म्हणाला, "काय म्हणत्यात?"

"पान राहू दे म्हणत्यात!" अण्णा त्याच्या कानाशी ओरडले. मालक हसले. मी हसले. भाचा हसला नाही.

फाउंड्रीचं नाव आणि टोकन नंबर मिळून एक ओळख, अशा जोडीवर अण्णांनी सगळं पुन्हा जोडलं. ते गोड पोरगंही आमच्यासोबत बसलं आणि साडेपाचला अण्णांच्या डब्यातली भाकरी खाऊ लागलं. एकही माणूस उठला नाही. मुदतवाढीचा कागद मात्र उठला, तो कायमचा. निरोपाच्या दिवशी मी त्याबद्दल रागानं बोलायला लागले, तर म्हणाले, "आई सांगायची, मी तंबाखूची काढणी चालू असताना झालो. म्हणजे थंडीत, आन् कागदावर आदला जून. मास्तरांनी तवाच माझे नोकरीचे सहा-सात महिने खाल्ले की गं. त्यांच्यावर रागावलो न्हाई, ह्या भाच्यावर काय रागावू?" आणि जावयाला हात लावून, निपाणीची बस धरायला गेले. छप्पर हळूहळू चढलं. मी बघायला गेले होते. सोप्यात अण्णांनी शेजाऱ्याला माझा चुलतमेहुणा करून टाकलं.

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले.

आमच्या जुन्या माणसांचा फोनवर एक ग्रुप आहे, 'एक जून' नावाचा. यंदाच्या एक जूनला नेहमीसारखा शुभेच्छांचा पूर आला. त्यात कुणीतरी सरळ मनानं विचारलं, "अण्णांचा नंबर बंद झालाय. काढून टाकू का?"

मग मारुती बी. पाटलांनी लिहिलं, "पान राहू दे." मग मारुती बी. पाटलांनी लिहिलं, "पान राहू दे." मग मारुती बी. पाटलांनी.

पडद्यावर एकाखाली एक तीन सारख्या ओळी. डुप्लिकेट एकही नव्हती.