माजी विद्यार्थ्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं!

माजी विद्यार्थ्याला एक साधा प्रश्न विचारून बघा. उत्तर मिळेलच असं नाही, पण किस्सा हमखास मिळतो! मी कल्याणच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. गेल्या वर्षी असे इतके किस्से गोळा झाले, की हल्ली स्टाफरूममध्ये मला बघितलं की आधी चहा ओततात आणि मग म्हणतात, "हं, बोल."

झालं असं, की आमच्या एम.एस्सी.ला मुलं येईनाशी झाली. मॅनेजमेंटने सांगितलं, "काय चुकतंय ते माजी विद्यार्थ्यांना विचारा आणि सुधारा. नाहीतर पुढच्या वर्षी कोर्स बंद!"

आमचे हेड करंदीकर सर हादरलेच. कोर्स त्यांनीच सुरू केलेला, रिटायरमेंट तोंडावर आलेली, आणि आता डोळ्यांदेखत लॅबला कुलूप? मला फार वाईट वाटलं त्यांचं. सर मला म्हणाले, "तुला बोलायची हौस आहे ना? मग तूच विचार सगळ्यांना."

*

तरी सुरुवात सरांनी स्वतः केली. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "आपल्या कोर्सबद्दल मोकळेपणाने मत कळवावे."

सर ग्रुपवर कधी लिहीत नाहीत. त्यामुळे पहिल्याने नुसते हात जोडले. दुसऱ्याने "ग्रेट सर" टाकलं. तिसऱ्याला वाटलं, आज काहीतरी विशेष दिसतंय. त्याने "हॅपी बर्थडे सर!" ठोकून दिलं. मग काय, वर जाऊन वाचतंय कोण? शुभेच्छांची रांगच लागली, आणि संध्याकाळी कोपरीहून एक जण खरंच केक घेऊन हजर!

सरांचा वाढदिवस दिवाळीत असतो. तेव्हा मे चालू होता.

"यात अंडं नाही ना?" एवढंच विचारून सरांनी केक कापला.

*

मग मी फोन लावायला घेतले. डोंबिवलीच्या अमेयला लावला, तर उचलला त्याच्या आईने.

"तो आंघोळीला गेलाय. मला विचारा ना, दोन वर्षं डबे मीच दिलेत!"

"बरं काकू, आमच्या कोर्समध्ये काय कमी वाटलं?"

"अहो मॅडम, पोरांना बोलायला शिकवा हो! इंटरव्ह्यूला गेला, सगळं येत होतं, पण तोंड म्हणून उघडलं नाही. तुम्ही नुसतं लिहूनच घेता का?"

खरं सांगते, आम्ही नुसतं लिहूनच घेत होतो. तेवढ्यात अमेय फोनवर आला. म्हटलं, "अरे, तुझं काय मत?"

"आई बोलली ना मॅडम? तेच."

त्या आठवड्यापासून आम्ही पोरांना फळ्यापाशी उभं करून बोलतं करायला लागलो.

*

ठाकुर्लीच्या केतनचं वेगळंच. औषधात कुठला पदार्थ किती आहे ते मोजणारं एक महागडं मशीन आमच्या लॅबमध्ये आहे. आहे म्हणजे, होतं आपलं! बिघडेल म्हणून सर ते चालूच करत नसत. मुलं त्याची आकृती काढायची, आणि दसऱ्याला त्याला हार, हळदकुंकू, पेढा, सगळं साग्रसंगीत.

मी केतनला विचारलं, "कंपनीत आपल्या शिक्षणाचा उपयोग झाला का रे?"

"मॅडम, पहिल्याच दिवशी साहेबांनी तेच मशीन दाखवलं. म्हणाले, कर सुरू. मी चपला काढून नमस्कार केला ना!"

हे मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. आधी रागावले, मग हसले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मशीनचं बटण दाबलं. मशीन चालू झालं हो!

*

पण खरा दणका दिला रोहिणी गायकवाडने. शहाडची मुलगी, आता एका औषध कंपनीत क्वालिटीची प्रमुख, माणसं तीच निवडते. फोनवर शांतपणे म्हणाली, "मॅडम, आपल्या कॉलेजची मुलं मी घेत नाही."

मी म्हटलं, "अगं, का?"

"फार अचूक असतात! टायट्रेशन करायला देते, तर तिन्ही रीडिंग एकसारखी. खरं काम केलं तर थोडा तरी फरक पडतोच ना?"

टायट्रेशन म्हणजे ब्युरेटच्या नळीतून द्रावण थेंब थेंब सोडायचं, रंग बदलला की थांबून आकडा लिहायचा. असं तीनदा. आणि सरांचा नियम असा, की तिन्ही आकडे जुळले तरच पूर्ण मार्क. पोरं हुशार! एकदा करायची आणि तीनदा लिहायची.

सरांना हेही जसंच्या तसं सांगितलं. सरांनी मार्कांचं रजिस्टर काढून पानं चाळली. मग म्हणाले, "रोहिणीला बोलाव. परीक्षा तीच घेऊ दे."

*

रोहिणी आली. येताना स्वतःचं द्रावण घेऊन आली. उत्तर फक्त तिलाच ठाऊक! मुलं खरं काम करताना दिसली तर कंपनी ट्रेनिंगला घेणार, आणि कंपनी आली तर मॅनेजमेंट कोर्स ठेवणार, असं ठरलेलं. प्रिन्सिपल दारातच उभे.

मुलांची पाचावर धारण बसली. स्नेहल तर रडकुंडीला आली, "मॅम, माझं एकही रीडिंग जुळत नाहीये!"

रोहिणीने तिची वही बघितली आणि म्हणाली, "तू ये ट्रेनिंगला."

सरांची कळी अशी खुलली! "मी पण करतो," म्हणाले, आणि बाह्या सरसावून उभे राहिले. त्यांना लॅबमध्ये इतकं खुशीत मी कधी बघितलं नव्हतं. थेंब असा सोडत होते, की पोरं आपली कामं टाकून भोवती गोळा झाली. झाल्यावर सरांनी आकडे लिहून कागद रोहिणीपुढे धरला.

तिन्ही रीडिंग एकसारखी!

रोहिणीने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा सरांकडे.

"अगं, खरीच तशी आली!" सर म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात, सर," रोहिणी म्हणाली आणि स्टूल ओढून समोर बसली. "परत करा."