दिगंबरभाऊंनी काढलेलं एक लग्न

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी बडनेरा स्टेशनवर गाडीची वाट पाहत होते. अकोल्याला, दवाखान्यात, दिगंबरभाऊंनाच भेटायला निघाले होते. "ताई, आता घाई नोका करू..." एवढंच वहिनी म्हणाल्या. त्याला दीड महिना झाला.

भाऊंचं अकोल्यात फोटोचं दुकान, ते लग्नांचे व्हिडिओ काढायचे. माझ्या माहितीपटाचा कॅमेरामन ऐनवेळी गळाला, म्हणून मी त्यांना दिल्लीला नेलं. स्वतःचा देश सोडून भारतात पळून आलेले दोन तरुण तिथे एका खोलीत राहत होते. पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं त्यांच्याकडे गुन्हा. पोलिसांच्या मारानं थोरल्याचा डावा हात वर होत नव्हता. दुसरा एखादा देश आसरा देईल म्हणून ते थांबले होते. चेहरे दाखवायचे नाहीत असं ठरलं होतं. भाऊंनी दोन दिवस पाठमोरे शॉट घेतले, तिसऱ्या दिवशी कॅमेरा खाली ठेवला. "ताई, तोंड चोरानं लपवावं. यायनं का चोरी केली?" मी धोका समजावला. त्यांनी ऐकून घेतलं, मग आपल्या वऱ्हाडी हिंदीत त्या दोघांनाच विचारलं. थोरला मोडक्या हिंदीत म्हणाला, "आमचा एकत्र एकही फोटो नाही. काढा. आम्ही सुटलो की दाखवा." भाऊंनी दोघांना शेजारी बसवलं, धाकट्याची कॉलर नीट केली. "जरा हसा ना बाप्पा!" ते हसले... आणि मग धाकटा कितीतरी वेळ रडत राहिला.

ते दोघे आसरा देणाऱ्या देशात सुखरूप पोचले, त्यांनी होकार कळवला, तेव्हाच ते दृश्य फिल्ममध्ये आलं. अकोल्यात खेळ ठरला, तर आदल्या दिवशी सभागृहवाल्यानं हात वर केले. धमक्या आल्या होत्या म्हणे. मी अमरावतीला परतायला निघाले, तर भाऊ भडकले. "कावून जाता? माह्या घराले गच्ची नाही का?" दुसऱ्या दिवशी अंधार पडताच गच्चीवर पांढरी चादर ताणली. गल्लीतले चाळीसेक लोक आले. चार-पाच जण तणतणत जिन्यापाशी आले, "काय दाखवून राह्यले इथं?" भाऊ जिन्यात आडवे उभे. "लग्न दाखवून राह्यलो. पाहाचं असन तं बसा, नाही तं वाट सोडा." दोघे शिव्या देत गेले. बाकीचे शेवटपर्यंत बसले.

परवा दुकानात गेले. शोकेसमध्ये, नवरा-नवरींच्या फोटोंच्या रांगेत, त्या दोघांचा मोठा फोटो लागलाय. भाऊ गेल्यावर वहिनींनीच लावला. मी असतानाच शेजारचे दुकानदार आले. "वहिनी, भाऊ गेले. आता कशाला हा? काढा तो."

वहिनी काच पुसत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "यायच्या हातचं गिऱ्हाईक हाय ते. गिऱ्हाइकाचा फोटो आमी शोकेसमधून काढत नाही."