प्रस्थानाची पिशवी

मी मूळची सांगलीची. तेव्हा चेन्नईत नोकरीला होते आणि अड्यारमध्ये खोली घेऊन राहत होते. खिशात मोबाइल आले होते, पण डोंगरात रेंज मिळत नसे, ते दिवस. माझी ही मैत्रीण माझ्याच ऑफिसातली. तंजावरकडची मराठी माणसं, कैक पिढ्या तमिळ मुलखात. घरी मराठीच बोलत, पण अशा हेलात की सुरुवातीला निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं. तिचं घर अड्यारमध्येच, माझ्या खोलीजवळ, आणि तिच्या आईला त्यांची सगळी बिल्डिंग मामी म्हणे, म्हणून मीही मामीच म्हणायला लागले.

पाठीवर सॅक टाकून आठवडाभर भटकायचं आम्ही ठरवलं होतं. आधी कोडाईकनाल, मग त्याच्या मागची डोंगरातली खेडी, शेवटी उटी. मामींना राजी करता करता तिच्या नाकी नऊ आले. चांगली कमावती पोरगी आणि शाळेपासून एकदाही आईशिवाय गावाबाहेर पडलेली नाही, हे मला काही केल्या झेपेना. कारण विचारलं की ती विषय बदलायची.

गाडी रविवारी संध्याकाळची होती, म्हणजे घरातून निघायचं ते नेमकं राहुकाळात. मामींनी त्यावर तोड काढली. दुपारीच, वेळ चांगली असताना, लेकीची एक पिशवी समोरच्या घरी नेऊन ठेवली. याला म्हणे प्रस्थान ठेवणं म्हणतात. सामान चांगल्या वेळेला निघालं की माणूसही निघालं असं धरायचं, आणि जाताना ती पिशवी उचलून चालू पडायचं. मी हे सांगलीत कुणाकडे पाहिलं नव्हतं. मामींचं म्हणणं असं की त्या पिशवीत उगीच काहीबाही भरून चालत नाही, ज्याच्यावाचून प्रवासात अडेल अशीच वस्तू तिच्यात हवी.

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवून जीव खात होता. आम्ही धावतपळत जिना उतरलो आणि पिशवी समोरच्या घरातच राहिली.

हे कळलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पूंबारईत. कोडाईच्या पलीकडचं लसणाच्या शेतांचं गाव. शेवटची बस निघून गेली होती. एका घराची वरची खोली आम्हाला मिळाली होती. तिनं सगळी सॅक खाटेवर उपडी केली, कपडे झटकले, पुन्हा झटकले. काय विसरलीस, मोजे का, म्हणून मी चेष्टा करत होते. ती खाली बसली.

"मला फिट येते," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी गोळी लागते. कालची आईनं पिशवी ठेवण्याआधीच दिली, बाकीच्या त्या पिशवीत आहेत."

मला असा संताप आला की काय सांगू. वर्षभर माझ्या डब्यातलं खातेस, माझ्या खोलीत येऊन लोळतेस आणि हे सांगायला तुला तोंड नव्हतं? बरंच बोलले मी. मग म्हटलं, गावात कुठे फोन असेल तर मामींना कळवू. त्यावर मात्र तिनं माझा हात धरला. आईला कळलं तर मी पुन्हा कधी बाहेर पडणार नाही, म्हणाली. कधीच.

मी फोन केला नाही. ती झोपली. मी तिच्या श्वासाकडे कान लावून पडून राहिले. खाली कुणाची बादली वाजली तरी मी ताडकन उठून बसत होते.

पहिल्या बसनं कोडाईला उतरलो. औषधाच्या दुकानदारानं चिठ्ठीशिवाय गोळ्या द्यायला साफ नकार दिला. तळ्यापासून वर चढून एक दवाखाना सापडला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली, पण गोळी अशी मध्येच चुकली की काय होऊ शकतं तेही दोघींना बजावलं. मला ते ऐकायला नको होतं. एकदा ऐकल्यावर कानातून जाईना. मामींना यातलं काही कळलं नाही, कारण समोरचे लोक आम्ही निघालो त्याच संध्याकाळी घराला कुलूप लावून कुंभकोणमला लग्नाला गेले होते. परतल्यावर तिनं आधी ती पिशवी गुपचूप उचलली.

फिट आली नाही. पण उटीत मी तिला तळ्यावरच्या बोटीत बसू दिलं नाही. पायऱ्या उतरताना तिचा दंड धरायचे, न्हाणीघराची कडी लावू द्यायची नाही, गोळी तोंडात गेली की पाण्याचा पेला पुढे करायचे. तळ्याच्या काठी ती एकदाच बोलली.

"आईला मी घरी ठेवून आले होते."

मग चेन्नई येईपर्यंत तोंड फुगवून बसली. बसू दे. आजही हा विषय निघाला की आमचं वाजतं आणि आजही मी तेच करीन.

पुढच्या वर्षी ती येरकाडच्या डोंगरात निघाली, ऑफिसातल्या दुसऱ्या दोघींबरोबर. त्यांना तिनं फिटचं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं तर त्याही तुझ्यासारख्या बघत बसतील, म्हणाली. आणि घरी? घरी तिनं माझं नाव सांगितलं होतं, की मी बरोबर आहे. मामींनी एका शब्दानं हो म्हटलं होतं.

मी तिला नाही नाही ते बोलले. शेवटी एकच कबूल करून घेतलं, की रोज संध्याकाळी गोळी घेतली की मला मिस्ड कॉल द्यायचा. मग ऑफिसातून रजा काढून मी अड्यारच्या खोलीत लपून बसले. न जाणो, भाजी आणायला गेले आणि मामीच समोर आल्या तर? खिडकीचा पडदा ओढलेला आणि मोबाइल उशाशी. पहिल्या दिवशी मिस्ड कॉल आला, दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या संध्याकाळी दिवे लागले तरी फोन गप्पच. मी तिचा नंबर लावला. लागेना. त्या दुसऱ्या दोघींचे नंबर माझ्याकडे नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला आणि कट न होता वाजतच राहिला. मामी होत्या. लेकीचा फोन लागत नाही म्हणून मला केला, म्हणाल्या. थंडी फार आहे का, जेवण बरं मिळतं का, असं विचारलं. मी हो ला हो करत गेले. खालच्या रस्त्यावरून बस गेली, तेव्हा मोबाइलवर हात धरला.

"गोळी घेतली का गं तिनं?"

"हो मामी," मी म्हटलं. "माझ्यासमोर घेतली."

तू आहेस म्हणून मला घोर नाही, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मिस्ड कॉल अजून आला नव्हता.